घरातला राउटर आणि हवेचे गायरान

या व्याख्यानमालेत आम्ही कधी कांट, कधी चार्वाक, कधी न्यायदर्शन असे विषय घेऊन आपल्यापुढे आलो आहोत. आजचा विषय आहे राउटर. तो जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. या विषयाकडे का वळलो ते आधी सांगतो, म्हणजे तुमचीही काळजी मिटेल.

आमचे थोरले बंधू गोव्यात, डिचोलीला असतात. वय ८४. गेल्या सहा-सात वर्षांत त्यांचे कान जवळजवळ गेले. यंत्र लावले की आवाज पोचतो, पण शब्द उलगडत नाहीत. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणे समजून घेतात. म्हणजे साधा फोन त्यांच्या काहीच कामाचा नाही. त्यामुळे दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही पुण्यातून त्यांना व्हिडिओवर भेटतो. दोघांनाही आता प्रवास झेपत नाही, तेव्हा भेट म्हणायची ती एवढीच. गेल्या पावसाळ्यापासून या भेटीत चित्र थिजायला लागले. आमचे तोंड अर्ध्या शब्दावर उघडे राही आणि दादा विचारत, "अरे बोल ना, गप्प का झालास?" आम्ही बोलतच असायचो. कान असलेल्या माणसाला तुटका आवाज तरी ऐकू येतो. ओठ वाचणाऱ्यासाठी चित्र थांबले की सगळेच थांबते.

मग आम्ही तेच केले जे सगळे करतात. १०० मेगाबिटची जोडणी २०० मेगाबिटची करून घेतली. पैसे वाढले, चित्र थिजायचे ते थिजतच राहिले. म्हणून दुकानात गेलो. दुकानदार मुलगा हसतमुख. म्हणाला, "काका, हा घ्या, सहा अँटेना आहेत. एकदम रॉकेट." बाजूच्या खोक्यावर १२०० लिहिले होते, त्याच्या बाजूच्यावर ३०००, आणि एकावर त्याहून मोठा आकडा. आम्ही विचारले, "हे १२०० म्हणजे नेमके काय?" तो म्हणाला, "स्पीड." आम्ही म्हटले, "आमच्याकडे येतेच आहे २००. मग हे १२०० येणार कुठून?" तो पुन्हा हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता पन्नास वर्षे तत्त्वज्ञानात घालवलेल्या माणसाला 'म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर तो राउटर न घेताच घरी येतो. तसे आम्ही आलो आणि वाचत बसलो. वाचताना हळूहळू ध्यानात आले ते असे की बिनतारी जाळ्याचा इतिहास हा मुळात वेगाचा इतिहास नाहीच. एकच हवा अनेकांनी कशी वापरायची, या प्रश्नाला माणसांनी वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा तो इतिहास आहे. प्रत्येक उत्तराबरोबर वेग वाढला, पण तो मागाहून. आधी वाटून घ्यायची रीत सापडली. आज एवढाच मुद्दा मांडायचा आहे, आणि त्यावरून राउटर कसा निवडावा हेही शेवटी सांगायचे आहे.

सुरुवात कायद्यापासून करू. आमच्या पिढीला आठवत असेल, घरात रेडिओ असला तर त्याचा परवाना लागे. वडील पोस्टात जाऊन पैसे भरत आणि परवान्याच्या पुस्तकावर शिक्का मारून आणत. मर्फीचा तो लाकडी रेडिओ गाणी नुसता ऐकवायचा, बोलायचा नाही, तरी त्याला परवाना. हे पैसे १९८०च्या दशकात बंद झाले. या परवान्यामागे दोन कायदे होते. १८८५चा भारतीय तार कायदा, ज्याने तारायंत्राचा एकाधिकार सरकारकडे ठेवला, आणि १९३३चा बिनतारी तारायंत्र कायदा, ज्याने बिनतारी उपकरण परवान्याविना बाळगणे हाच गुन्हा ठरवला. इंग्रज सरकारची भूमिका स्पष्ट होती. जमीन सरकारची, जंगल सरकारचे, तशी हवासुद्धा सरकारची.

गंमत बघा. ज्या देशात पुढे हा कायदा आला, त्याच देशात १८९५च्या सुमारास जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवत होते. त्यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटर होती, म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता. आज वायफायचा एक प्रकार याच पट्ट्यात चालतो. पेटंट घेण्याबाबत बोस उदासीन असत. ज्ञान सगळ्यांचे, असा त्यांचा भाव. हा धागा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता दुसरी गोष्ट, कचऱ्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. लहरींचे काही पट्टे तिथे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी बाजूला काढले गेले. ही यंत्रे संदेश पाठवत नाहीत, ती तापवतात. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच सुमारास बाजारात आला होता. तो २.४५ गिगाहर्ट्झला अन्न गरम करतो आणि थोड्या लहरी बाहेर सांडतो. तेव्हा हा पट्टा म्हणजे गावाबाहेरची उकिरड्याची जागा झाली. तिथे कोणी घर बांधू नये, बांधलेच तर दुर्गंधीची तक्रार करू नये.

चाळीसेक वर्षांनी, मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने एक निर्णय घेतला. त्यामागे मायकेल मार्कस या अभियंत्याचा मोठा वाटा होता. निर्णय असा की या उकिरड्याच्या पट्ट्यांत कोणालाही परवान्याविना संदेश पाठवता येतील. अटी दोन-तीनच. शक्ती एक वॉटच्या आत ठेवायची, दुसऱ्याच्या अधिकृत सेवेला त्रास द्यायचा नाही, आणि आपल्याला त्रास झाला तर गाऱ्हाणे करायचे नाही. म्हणजे उकिरड्याचे गायरान झाले. गायरान म्हणजे काय ते आपल्या खेड्यांतून आलेल्या श्रोत्यांना सांगायला नको. सगळ्यांची गुरे चरतात, कोणाचा सातबारा नसतो.

आणि गायरान म्हटले की अर्थशास्त्रातला जुना वाद येतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की गायरान उजाड होणारच, कारण प्रत्येकाला वाटते आपले एक गुरू जास्त सोडले तर काय बिघडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढची कित्येक वर्षे जगभरचे मच्छीमार, शेतकरी, जंगलावर जगणारे लोक यांचा अभ्यास करून दाखवून दिले की असे होतेच असे नाही. लोक आपापसांत नियम करतात आणि पाळतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याला त्यासाठी परदेशी जायलाही नको. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, शेतकरी पाळ्या ठरवतात, आणि पाटकरी ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी सोडतो. पाणी तेवढेच. पाळी नीट असली तर सगळ्यांना पुरते, नसली तर वरचा बुडवतो आणि खालचा वाळतो.

हवेच्या गायरानात पाळी कशी लावायची? याचे पहिले उत्तर हवाई बेटांवरून आले. विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर, मध्ये समुद्र, तारा टाकणे महाग. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओवरून संगणक जोडले. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. रीत अगदी साधी. पाठवायचे असेल तेव्हा पाठवा. पोच आली नाही तर समजा की कोणाशी तरी टक्कर झाली. मग थोडे थांबून पुन्हा पाठवा, पण किती थांबायचे ते नाणेफेकीसारखे नशिबावर सोडा, म्हणजे दोघे पुन्हा एकाच क्षणी उठणार नाहीत. सुंदर कल्पना, पण गणिताने दाखवले की असे केले तर हवेच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्के हाती लागते. बाकी सगळे टकरींत जाते.

वायफायने यात एक साधी सभ्यता घातली. बोलण्याआधी ऐका. हवेत कोणी बोलत असेल तर गप्प राहा. ते संपले तरी लगेच तोंड उघडू नका, थोडा वेळ थांबा, आणि तो वेळ प्रत्येकाचा वेगळा. एवढाच नियम. आमच्या चर्चासत्रांत हा नियम पाळला गेला असता तर काय काय झाले असते! असो.

हा नियम लिहून काढायलाही वेळ लागला. एनसीआर ही कॅश रजिस्टर बनवणारी जुनी कंपनी. मोठ्या दुकानांत काउंटर हलवला की तारा नव्याने टाकाव्या लागत, म्हणून त्यांना बिनतारी जोडणी हवी होती. त्यांच्या नेदरलँड्समधल्या शाखेतले व्हिक हेस १९९० पासून दहा वर्षे मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांना एका टेबलाशी बसवून जून १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक मंजूर झाले. वेग किती? सेकंदाला एक किंवा दोन मेगाबिट. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे मानक आले, आणि 'वायफाय' हे नावही त्याच वर्षी एका नावे ठेवणाऱ्या कंपनीकडून घेतले गेले.

इथे एक गैरसमज दूर करू. हेडी लमार या चित्रपट अभिनेत्रीने वायफाय शोधले असे आपल्याला फोनवर अधूनमधून येते. लमार आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराला ऑगस्ट १९४२ मध्ये पेटंट मिळाले हे खरे. ते होते पाणतीराला दिशा देणारा रेडिओ संदेश वारंवारता बदलत पाठवण्याचे. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, ८८ वारंवारतांवर उड्या. ब्लूटूथमध्ये अशा उड्या मारण्याची रीत आहे, १९९७च्या वायफाय मानकातही एक पर्याय म्हणून ती होती. पण आपल्या घरातले आजचे वायफाय उड्या मारत नाही. लमारबाईंचा मान त्यांना द्यावाच, पण जेवढा आहे तेवढा.

आजच्या वायफायची खरी किल्ली ऑस्ट्रेलियातून आली, आणि तिथे आपल्या महाराष्ट्राशी एक धागा जुळतो. घरात बिनतारी संदेश पाठवला की तो भिंती, कपाटे, पंखे यांवर आपटून परत येतो. एकच शब्द दहा वेळा, थोड्या थोड्या उशिराने कानावर पडतो. देवळाच्या घुमटाखाली भरभर बोलून बघा, म्हणजे कळेल. जॉन ओसुलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रातले अभियंते. हॉकिंग यांनी मांडले होते की छोटी कृष्णविवरे फुटत असतील, तर तसे स्फोट रेडिओ लहरींत सापडतात का, हे १९७०च्या दशकात ते शोधत होते. स्फोट सापडले नाहीत. पण पसरलेला, विस्कटलेला संदेश गणिताने पुन्हा नीट करण्याची सवय हाताला लागली. पुढे सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी आणि चार सहकाऱ्यांनी तीच दृष्टी खोलीतल्या प्रतिध्वनींवर लावली. एकाने भरभर वाचले तर घुमटात गोंधळ होतो. तोच मजकूर पन्नास जणांनी वाटून घेऊन, प्रत्येकाने आपल्या वेगळ्या सुरात सावकाश वाचला तर? प्रतिध्वनी विरायला वेळ मिळतो आणि एकूण काम तेवढ्याच वेळात होते. १९९९च्या एका मानकात असे ५२ सूर होते आणि वेग ५४ मेगाबिटपर्यंत गेला.

या संस्थेला १९९६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले आणि पुढे खटले व तडजोडींतून ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. बोस आठवतात ना? हवा मोकळी, पण हवेत बोलायची रीत मालकीची. यात योग्य काय? पैसा सार्वजनिक संस्थेला, पुढच्या संशोधनाला गेला हे मानले, तरी प्रश्न उरतोच. तो तुमच्यावर सोडतो.

महाराष्ट्राचा धागा असा. याच संस्थेत १९५०च्या दशकात गोविंद स्वरूप हे तरुण भारतीय शास्त्रज्ञ रेडिओ खगोलशास्त्र शिकले. तिथे वापरातून निघालेल्या ३२ छोट्या तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या, आणि १९६५ साली त्या मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या. पुढे स्वरूप यांनीच नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभारली. जागा निवडताना तिथे रेडिओचा गोंगाट कमी आहे हे एक मोठे कारण होते. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातच हवेतल्या शांततेची किंमत ओळखणारी माणसे होती. त्याच परंपरेतून आलेल्या गणिताने आज आपल्या घरांतला गोंगाट सोसवतो.

भारतात हे गायरान कधी खुले झाले? १९९५ हे वर्ष बघा. ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. न्यायालयाने सांगितले की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकार तिची राखण करील, मालकी जनतेची. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ते फोनच्या तारेवरून, ९.६ किलोबिट अशा वेगाने येई. आमची आजची जोडणी त्याच्या वीस हजार पटींहून वेगवान आहे, आणि तरीही आम्ही तक्रार करतो आहोत! घरगुती वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा मोकळा झाला. १९३३च्या कायद्याला मान खाली घालायला एवढी वर्षे लागली.

आता आमच्या घरी परत येऊ. एवढे वाचल्यावर आम्ही दुकानात न जाता आधी तपासणी केली. नातवाने मदत केली. पहिले काम, राउटरला तार लावून लॅपटॉपवर वेग मोजला. २००च्या जोडणीवर आला ९४. पुन्हा मोजला, पुन्हा ९४. कारण साधे निघाले. अकरा वर्षांपूर्वीच्या आमच्या राउटरची भोके, म्हणजे जिथे तार खुपसतात ती, १०० मेगाबिटचीच होती. दुप्पट पैसे भरून आम्ही चार इंची नळाचे पाणी दोन इंची तोटीतून घेत होतो. आजही स्वस्त राउटरच्या खोक्यावर १२०० लिहिलेले असते आणि मागची भोके १००ची असतात. तेव्हा पहिला नियम, जोडणी १००च्या वरची असेल तर भोके गिगाबिटची आहेत का ते विचारा.

आणि ते १२०० म्हणजे काय, तेही कळले. एका पट्ट्याचे ३००, दुसऱ्याचे ८६७, बेरीज करून वरती गोळाबेरीज. तुमचा फोन सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि तो वेगही कागदावरचा. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी चांगले, कारण निम्मा वेळ ऐकण्यात, थांबण्यात आणि पोच देण्यात जातो. सभ्यतेची ती किंमत आहे.

पण ९४ मेगाबिट दादांशी बोलायला भरपूर आहेत. मग चित्र का थिजत होते? दुसरी तपासणी. नातवाने फोनवर आजूबाजूची जाळी दाखवली. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात १९ घरांची वायफाय येत होती. आमचा राउटर फक्त २.४चा, आणि त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेले तीनच, १, ६ आणि ११. कोणाचा राउटर ३वर, कोणाचा ८वर. एकाच चॅनेलवर असलेले दोघे एकमेकांचे ऐकून पाळी तरी लावतात. अर्धवट चॅनेलवरच्याला दुसऱ्याचे शब्द कळत नाहीत, नुसती कुजबुज येते, आणि दोघांचेही बिघडते. भरीला आमचा राउटर टीव्हीच्या कपाटात, पितळी भांड्यांमागे, आणि अभ्यासिका दोन भिंतींपलीकडे. रविवारी दहा वाजता अर्धी इमारत जागी होऊन पडद्यासमोर बसलेली. त्यात स्वयंपाकघरात कोणी दूध गरम केले की संपलेच. आता कळले ना, उकिरडा कुठे आला तो?

म्हणजे आमचा रोग वेगाचा नव्हता, खोळंब्याचा होता. चित्रपट बघताना फोन किंवा टीव्ही पुढचा थोडा माल आधी भरून ठेवू शकतो. समोरासमोरच्या बोलण्यात तसे करता येत नाही. माणसाने पुढे काय बोलायचे ते अजून ठरवलेलेच नसते. तिथे पाळी वेळेवर येणे महत्त्वाचे.

तेव्हा निवड कशी करावी? आम्ही वायफाय ६ प्रकारचा, दोन पट्ट्यांचा, गिगाबिट भोकांचा मध्यम किमतीचा राउटर घेतला. वायफाय ६ का, तर त्यात पाटकरी आला. आधी घरातले प्रत्येक उपकरण स्वतःच ऐकून, नशिबावर पाळी घेत होते. वायफाय ६ मध्ये राउटर एकाच वेळी अनेक उपकरणांना हवेचे छोटे छोटे तुकडे वाटून देऊ शकतो. अर्थात उपकरणही त्या प्रकारचे हवे. घरात माणसे चार आणि उपकरणे पंधरा असतील तर याचा उपयोग आहे. दोन फोन आणि एक टीव्ही असेल तर जुन्या प्रकारचा चांगला राउटरही पुरेल. सहा अँटेनांना भुलू नका. अनेक अँटेना प्रतिध्वनींचाच उपयोग करून घेतात हे खरे, २००९च्या मानकापासून ते चालू आहे. पण फोनला दोनच अँटेना असतील तर राउटरच्या सहांचा त्या एका फोनला फारसा फायदा नाही. नवी सुरक्षा पद्धत, म्हणजे डब्ल्यूपीए३, आहे का आणि बनवणारे सुधारणा पाठवत राहतात का, हे मात्र जरूर बघा.

५ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची, २.४ची साडेबारा. छोटी लहर भिंतीत लवकर दमते. हा तिचा दोष, आणि हाच तिचा गुण, कारण शेजाऱ्याचीही आपल्याकडे येत नाही. त्यासाठी राउटर घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्यावर ठेवावा. आमचा आता पॅसेजमध्ये पुस्तकांच्या मांडणीवर आहे. मोठे किंवा दगडी भिंतींचे घर असेल तर एका बलदंड राउटरपेक्षा दोन साधे बरे. आणि अभ्यासिकेच्या टेबलापर्यंत आम्ही चक्क तार ओढली. तारेवर पाळीचा प्रश्नच नाही, शिवाय आम्ही हवेतून उठलो म्हणजे तेवढी जागा दुसऱ्याला झाली.

आणखी एक केले. आमच्या मजल्यावर तीन घरे आहेत. तिघे बसलो आणि ठरवले, तुम्ही १, आम्ही ६, ते ११. शेजारी म्हणाले, "सर, एवढ्यासाठी बैठक?" म्हटले, पाण्याच्या टाकीसाठी बसतो ना, ही पण टाकीच आहे. आता खालच्या मजल्यानेही विचारणा केली आहे.

एक सार्वजनिक प्रश्न सांगून थांबतो. ६ गिगाहर्ट्झचा नवा विस्तीर्ण पट्टा अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये वायफायसाठी मोकळा केला. आपल्याकडे त्यावर वर्षानुवर्षे ओढाताण झाली. मोबाइल कंपन्यांना तो लिलावात हवा होता. मे २०२५ मध्ये त्याचा खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा निघाला. वायफाय ६ई किंवा ७चा महाग राउटर घेताना तो पट्टा या घडीला आपल्याकडे वापरता येतो का, एवढे विचारून घ्या, नाहीतर कुलूप असलेल्या खोलीचे भाडे भराल. पण त्याहून मोठे असे की लिलावातून सरकारला पैसा मिळतो आणि गायरानातून मिळत नाही, म्हणून गायरानाची बाजू मांडणारे थोडे असतात. ज्या हवेत डिचोलीचा एक म्हातारा माणूस आपल्या भावाचे ओठ वाचतो, ती हवा ताळेबंदात कुठे दिसत नाही. ती सार्वजनिक आहे असे १९९५ साली न्यायालयाने सांगितले. ती तशी राहते का, हे आपण विचारत राहायला हवे. आणि आपल्या इमारतीत ती नीट वाटून घेणे तर आपल्याच हातात आहे.

गेल्या रविवारी पाऊण तास बोललो. चित्र एकदाही थिजले नाही. शेवटी दादा म्हणाले, "आज तू फार भरभर बोलतो आहेस, जरा सावकाश बोल." हवेची पाळी लावली, आमच्या जिभेची लावायची राहिली होती.

एवढे बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, पण एका वेळी एकाने.